तिसऱ्या डब्याची गैरहजेरी

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी दारात येऊन उभा राहील आणि विचारील, बाई, आमची बदनामी का केली. नळदुर्गाहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की चौदा किलोमीटरवर आमचं गाव आहे, गावाच्या मधोमध जुना बुरूज आहे, आणि त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, एवढं पुरे. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय. म्हणून तर जास्त राग येतो. परक्यांनी केलं असतं तर दोन दिवस बडबडून गप्प बसले असते.

मिनाज माझी विद्यार्थिनी, ताहेराबीची धाकटी लेक. ताहेराबी बांगड्या भरतात. गुरुवारी आमचा बाजार असतो, आणि बुरुजाच्या उत्तरेला, जिथं दिवसभर ऊन येत नाही, तिथं त्यांची जागा. त्यांच्या सासूपासूनची. मिनाज लहानपणी गुरुवारी शाळा सुटली की दप्तर घेऊन तिथंच बसायची आणि बांगड्यांच्या जुड्यांवर पाढे म्हणायची. गणितात तिला कधी पैकीच्या पैकी पडले नाहीत, हे मुद्दाम सांगते. एखादं उदाहरण अर्धवट सोडायची आणि खाली लिहायची, ‘पुढचं येत नाही.’ बाकीची पोरं काहीतरी खरडून पान भरायची. मी तिच्यावर कितीदा ओरडले असेन, पान भर म्हणून.

तीन वर्षांमागं पावसाळ्यात बुरुजाचे दोन चिरे निखळले. पूर्वेच्या अंगाला भिंत थोडी पुढं आल्यासारखी दिसायला लागली. म्हातारी माणसं म्हणाली, आत निजामाच्या काळातलं पेव आहे, धान्य साठवायचं, ते पोकळ झालं असणार. कुणी म्हणालं, काही नाही, नुसता मुरूम भरलाय. कुणालाच ठाऊक नव्हतं. वरून आदेश आला आणि बाजार ओढ्यापलीकडं माळावर हलला. बुरुजाला पाठ लावून असलेली अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात गेली. माळावर एक झाड नाही. बांगड्या इतक्या तापायच्या की बायका हात पुढं करायच्या आणि मागं घ्यायच्या. सगळं गाव कावलं होतं. माझी नात अस्मिता त्याच अंगणवाडीत जाते, तीसुद्धा सभामंडपात पोरं बाहेर पळतात म्हणून रोज धडपडून यायची.

मग शहरातल्या एका विज्ञानसंस्थेनं सांगितलं, खणायची गरज नाही, आम्ही आतलं बाहेरूनच बघतो. आभाळातून सारखे बारीक कण पडत असतात, म्यूऑन म्हणतात त्यांना. तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो आणि तुम्हाला कळतही नाही. दगडात मात्र काही अडकतात. भिंत भरीव असली तर जास्त अडकतात, पोकळ असली तर कमी. बुरुजाच्या एका अंगाला यंत्र मांडायचं, कुठल्या दिशेनं किती कण येतात ते महिना-दीड महिना मोजायचं, आणि आतलं चित्र काढायचं. जिथून कमी आले तिथं भरीव, जिथून जास्त आले तिथं पोकळ. मला हे मिनाजनंच सांगितलं, कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर तिचं होतं. सोलापूरला एम.एस्सी. करून ती दोन वर्षं त्याच संस्थेत कंत्राटावर होती. आपल्याच गावचा बुरूज म्हणून हट्टानं हे काम मागून घेतलं तिनं.

काम काय, तर संदेश बांधायचं. नाव ऐकून मी हसले होते. यंत्रात चार पत्रे एकामागं एक उभे, आणि प्रत्येकाला आपापला इलेक्ट्रॉनिक डबा. एक कण चारी पत्र्यांतून गेला की चारी डबे आपापला तुकडा पाठवतात: हा घटनेचा नंबर, ही वेळ, माझ्या पत्र्यावर अमक्या जागी चमकलं. मिनाजचा प्रोग्राम एकाच नंबरचे चार तुकडे पकडतो आणि त्यांचा एक संदेश बांधतो. सुरुवातीला नंबर, वेळ, संदेशाची लांबी. मग चार तुकडे ठरलेल्या क्रमानं. शेवटी पडताळणीचा एक आकडा, वाटेत काही बिघडलं तर कळावं म्हणून. सगळं एका ओळीत, एकामागून एक, कारण तारेतून तसंच जातं. शहरात बसलेला दुसरा प्रोग्राम ती ओळ वाचतो आणि ठरलेल्या जागी ठरलेला तुकडा उचलतो.

“बाई, तुमचं निकालपत्रकच हाय की,” ती म्हणाली. “चार मास्तर चार विषयांचे गुण देतात. तुमी एका पोराची एक ओळ लिहिता.”

हे मला पटकन कळलं. निकालपत्रकं करण्यात माझी हयात गेली.

एप्रिलच्या मध्याला मोजणी सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र, शेजारी मिनाजचं टेबल. बेचाळीस दिवस मोजायचं ठरलं होतं. सदतिसाव्या की अडतिसाव्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि पाणीसुद्धा नको म्हणाली. म्हणाली, दुपारी बारा ते चार कण कमी येतायत. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, उन्हात हवा फुगते, कमीच येतात.

“येतात ना मग?”

“येतात बाई, पर शंभरात एखादा. हितं शंभरात तीस कमी हायत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिनं यंत्राचं झाकण काढलं. तिसरा डबा बरोबर शेडच्या तापलेल्या छपराखाली होता. हात लावला तर चटका बसला. तो डबा दुपारभर मधूनमधून बंद पडत होता. कण जायचा, पहिला, दुसरा, चौथा तुकडा यायचा, तिसऱ्याचा पत्ता नाही. आणि इथं तिची स्वतःची चूक होती. ती तिनं मला तोंडानं सांगितली, कुणी पकडली नव्हती. प्रोग्राम लिहिताना तिनं ठरवलं होतं की एखादा तुकडा सेकंदाच्या दहाव्या भागात आला नाही तर त्याच्या जागी शून्यं भरायची. ओळीची लांबी मोडत नाही, पलीकडचा प्रोग्राम अडत नाही. पडताळणीचा आकडाही बरोबर यायचा, कारण तो शून्यं भरल्यावरच निघायचा. पलीकडं काय वाचलं जायचं? तिसऱ्या पत्र्यावर काही चमकलं नाही, म्हणजे कण आरपार गेला नाही, म्हणजे मोजू नका. कण कमी. कण कमी म्हणजे भिंत भरीव.

मला भाजीचा गॅस बंद करावा लागला. परीक्षेला बसून शून्य मिळवलेलं पोरगं आणि परीक्षेला न आलेलं पोरगं ह्यांच्या रकान्यात एकच आकडा लिहिलेला. तिसरी-चौथीच्या वर्गावरची नवखी बाई करते ती चूक. मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती, आणि हेडमास्तरांनी अख्खं पत्रक फाडून माझ्याकडून परत लिहून घेतलं होतं. गैरहजर तिथं ‘गै’ लिहायचं. शून्य हे गुण आहेत, ‘गै’ म्हणजे आपल्याला माहीत नाही.

तिनं तेच केलं. संदेशाच्या सुरुवातीला आणखी एक आकडा घातला, चार डब्यांच्या चार खुणा, कोण आला आणि कोण आला नाही. तिनं त्याला हजेरी नाव दिलं. डब्यावर थर्माकोलची सावली केली, एक पंखा लावला आणि नव्यानं मोजायला बसली. आठवडाभरानं पूर्वेच्या अंगानं आधीपेक्षा जास्त कण दिसायला लागले. मी विचारलं, पोकळ आहे का गं मग?

“सात दिवसांवर न्हाय सांगता येत, बाई. परत बेचाळीस दिवस मोजाय पायजे. आदीची सगळी मोजणी वाया गेली, कुठलं शून्य खरं आन कुठलं मी भरलेलं, ते आता कळत न्हाय.”

ह्यात न कळण्यासारखं काय आहे, मला सांगा. पोरीनं चूक केली, स्वतः शोधली, स्वतः सांगितली, दुरुस्त केली. दीड महिना आणखी मागितला. बुरूज दोनशे वर्षं उभा आहे, दीड महिन्यात कुणाचं काय जळत होतं?

संस्थेचे उत्कर्ष सर गाडी घेऊन आले. चाळिशीतला माणूस, बोलायला गोड. मी ताक घेऊन शेडमध्ये गेले होते, ती मुद्दाम थांबले. त्यांनी लॅपटॉपवर सगळं बघितलं. त्यांना कळलं. हे लिहून ठेवते, की त्यांना कळलं. न कळणाऱ्या माणसावर मी रागावत नाही, तसं असतं तर एकतीस वर्षांत मेलेच असते.

“हजेरीचा आकडा काढून टाक,” ते म्हणाले. “पलीकडचा प्रोग्राम जुन्या लांबीवर चालतो. आणि अहवाल बारा तारखेला द्यायचाय.”

“सर, मग आदल्या मोजणीचं काय लिहायचं?”

“आहे ते. सगळे संदेश पूर्ण आहेत ना? लांबी बरोबर, पडताळणी बरोबर. एक तरी संदेश अपूर्ण आहे का?”

तसा एकही नव्हता. रिकामी जागा शून्यांनी भरली तर संदेश अपूर्ण राहील कसा? माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, सर, गैरहजर पोराला शून्य टाकून तुम्ही पत्रक पूर्ण म्हणताय. ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. मला. माझ्याच गावात, माझं ताक पिऊन.

अहवालाला एक कागद जोडायचा होता. ‘मोजणी पूर्ण झाली, सर्व संदेश पूर्ण आहेत,’ आणि खाली ज्यानं मोजणी चालवली त्याची सही. सर म्हणाले, सही कर, पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं पत्र निघतंय. आणि जाता जाता, गाडीचं दार उघडून, म्हणाले, “शून्यं कुणी भरली हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.” बघा म्हणजे. तिनं स्वतः कबूल केलेली चूक तिलाच विकत होता हा माणूस.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की बुरूज भरीव निघालाय आणि ताहेराबीची पोरगी सहीला अडून बसलीय. कुणी पसरवलं देव जाणे. सरपंच धोंडप्पा ताहेराबीच्या दारात जाऊन बसले. हा धोंडप्पा माझा विद्यार्थी, भागाकारात कायम कच्चा. म्हणाला, “मावशी, सगळ्या बाजाराचं हाल चाललंय. तुमचं बी चाललंय. पोरीला समजावा. शिकली म्हणून काय गावाच्या मुळावर उठायचं व्हय?” बाजारातल्या बायका मायलेकींशी बोलेनाशा झाल्या. चपलावाला, भेळवाला, सगळे. कुणी एकानं तर म्हणून दाखवलं, की हिचा बुरूज थोडाच हाय. इतकी वर्षं त्या बुरुजाला टेकून ह्या माणसांच्या लेकीबाळींना ताहेराबीनं बांगड्या भरल्या, आणि हा कुणाचा बुरूज ते आता ह्यांना सुचलं. थू.

एवढं सगळं मी तावातावानं सांगतेय, आणि आता जे सांगायचंय त्याला माझी जीभ अडखळतेय.

नऊ तारखेला संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मिनाज कागद समोर घेऊन बसली होती. ताहेराबी जुड्या बांधत होत्या. मी म्हणाले, मिनाज, सही कर. ती बघायलाच लागली. मी म्हणाले, बुरूज काय लगेच पडत नाही. तू कायम होऊन जा, मग आत राहून सांग त्यांना, मग तुझं ऐकतील. अम्मीचं ऊन तरी जाईल. तुझ्यासारखी पोरगी कंत्राटावरून निघाली तर ह्या भागात कोण ठेवणार तुला? मी बरंच बोलले. खरंच तिच्या भल्यासाठी बोलले, अजूनही तेच म्हणेन. तिचं वाटोळं व्हायला नको होतं मला.

ताहेराबी जुड्या बांधत राहिल्या.

“बाई, ह्याच्यावर लिवलंय की मोजणी झाली,” मिनाज म्हणाली. “झाली न्हाय. मी काय लिहू?”

“सगळेच लिहितात गं.”

तिनं कागद उलटा करून ठेवला आणि मला चहा टाकायला उठली. चहा पिऊन मी घरी आले.

तिनं सही केली नाही. अकरा तारखेला संस्थेतल्या दुसऱ्याच कुणी केली, ज्यानं आमच्या गावचं शेड उभ्या जन्मात बघितलेलं नाही. हजेरीचा आकडा काढला. अहवाल गेला: बुरूज भरीव, धोका नाही. मिनाजनं तहसीलला अर्ज दिला, दोन पानी, अगदी साधा, माझ्याहून बरा लिहिलेला. तिसरा डबा दुपारी बंद होता, त्या वेळची मोजणी काहीच सांगत नाही, परत मोजा. पोच मिळाली, शिक्का मारून. अर्ज पुढे पाठवला म्हणाले. पुढे म्हणजे कुठं, ते मी स्वतः जाऊन दोनदा विचारून आले. दोन्ही वेळा मला खुर्ची दिली आणि उत्तर दिलं नाही. तिचं कंत्राट जून अखेर संपलं. आता ती एसटीनं नळदुर्गाला जाते, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवते. तिसऱ्या डब्याला हात लावून चटका खाणारी पोरगी टायपिंग शिकवते.

गाव आता हसतं तिला. रस्त्यात गाठून विचारतात, काय मिनाज, पडला का तुझा बुरूज? मी किती जणांना सांगू, ती पडणार म्हणालीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, की आपल्याला माहीत नाही. ह्या लोकांना पडणार म्हणालेलं चालतं, पडणार नाही म्हणालेलं चालतं. माहीत नाही म्हणालेलं सहन होत नाही. धोंडप्पाला मी हे तोंडावर सुनावलं, तर म्हणाला, बाई, तुमी लई मनाला लावून घेता.

जुलैच्या पहिल्या सोमवारी अंगणवाडी बुरुजाच्या पाठीशी आपल्या जुन्या खोलीत परत गेली. गुरुवारी बाजार आला. नारळ फुटला, हलगी वाजली, जो तो आपापल्या जुन्या जागेवर. मी अस्मिताचं बोट धरून भाजीला निघाले होते. उत्तरेच्या सावलीत बांगड्यांची जागा तेवढी मोकळी दिसली. भेळवाल्याला विचारलं तर त्यानं ओढ्याकडं हात केला.

माळावर ताहेराबी एकट्या बसल्या होत्या. चार काठ्या आणि एक जुनी साडी, तेवढीच सावली. गिऱ्हाईक कुणी नाही. कोण जाणार ओढा ओलांडून? मी धापा टाकत गेले आणि जाताच त्यांच्यावर ओरडले, हे काय चाललंय तुमचं, जागा रिकामी आहे तिकडं, दुसरं कुणी बळकावलं म्हणजे?

“बळकावू दे,” त्या म्हणाल्या. “पोरगी म्हनती, अम्मी, आत काय हाय ते मला ठावं न्हाय. तिलाच ठावं न्हाय तर मी कशाच्या भरवशावर बसू तितं?”

रागानं नाही, दर सांगावा तसं म्हणाल्या. मग अस्मिताला जवळ घेतलं, तिच्या मनगटाचं माप बघितलं आणि दोन हिरव्या बांगड्या निवडल्या. भरता भरता विचारलं, “आज गुरुवार. अंगणवाडीला सुट्टी हाय का हिच्या?”

“नाही,” मी म्हणाले. “चालू आहे.”

“मग ही?”

मला खोटं सांगता आलं असतं. पोरीला सर्दी आहे असं मी सुनेलाही चार दिवस सांगत होते.

“सोमवारपासून पाठवली नाही मी.”

ताहेराबीनं दुसरी बांगडी अस्मिताच्या हातात सरकवली, हात सोडला आणि माझ्याकडं बघितलं.

“मग मिनाजला सही कर का म्हनलात, बाई?”